मिल बंद, झांकी चालू

गेट उघडलं आणि गाजरगवताचा वास आला. माणसाच्या खांद्याएवढं वाढलेलं गवत. मी उगाच नाक वर करून खळीचा वास शोधत होते. विणायच्या आधी सुताला खळ द्यायचे. ती शिजत असली की आंबलेल्या पिठाचा आणि चरबीचा जाड वास सगळ्या आवारात भरून राहायचा. बाहेरचा माणूस आला की नाक धरायचा. आम्हाला तो लागतच नसे. जेवताना हाताला तोच, उशीला तोच, पोरांच्या टाळूला तोच. आता नाही. असणार कुठून? पण नाकाला कोण सांगणार.

यंदा श्रावणात सरकारी विभागानं आम्हाला मिलच्या आवारात बोलावलं होतं. आम्हाला म्हणजे जे उरलेत त्यांना. परदेशीपुऱ्याहून मी आणि रामसिंग भैया एका रिक्षात आलो. भैया साचे खात्यात आमच्या ह्यांच्या शेजारी असायचे. मागाला आमच्याकडे साचा म्हणतात. हे गेले, भैया आहेत. तोंडात दात नाहीत, पण आवाज अजून असा की आजूबाजूला साचे खडखडताहेत आणि भैयांना त्यावरून बोलायचंय.

मांडव घातला होता. खुर्च्यांना पांढरी कव्हरं. प्रत्येकाला एक नारळ आणि एक शाल. मी शाल बोटांत धरून पाहिली. पॉलिस्टर. सुती कापडाच्या मिलच्या माणसांना पॉलिस्टर पांघरायला दिलं. मी घडी न मोडता ती खुर्चीखाली ठेवली.

"क्यों भाभी, पसंद नहीं आई?" भैयांनी विचारलं. सगळ्या मांडवानं ऐकलं.

"तुम्ही घ्या दोन्ही. शेगडीजवळ मात्र बसू नका, अंगाला चिकटेल."

साहेब बोलायला उभे राहिले. चांगले बोलले. त्यांना तेच शिकवलेलं असतं. म्हणाले, या जागेचा कायापालट होणार, उंच इमारती होणार, बगीचा होणार. "लेकिन आपकी परंपरा हम मरने नहीं देंगे. इस बार झांकी का पूरा खर्चा विभाग करेगा. बस विषय हमारा रहेगा."

टाळ्या झाल्या. आमच्या लोकांनीच वाजवल्या. आमच्या हातांना ती सवयच लागली आहे.

इंदूरबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. अनंत चतुर्दशीला इथे मिलांच्या झांक्या निघतात. लांब ट्रॉलीवर देखावा, हलणारे पुतळे, आणि ट्रॉली दिसेनाशी होईल इतके दिवे. पुढे आखाडे, लाठ्या फिरवणारी पोरं. सगळं शहर रस्त्यावर चादरी अंथरून बसतं. भुट्टे भाजले जातात, लहान मुलं बापाच्या डोक्यावर. एकेका मिलची झांकी आली की नाव पुकारतात. मिला चालू होत्या तेव्हा निघायच्या. मिला बंद झाल्या तरी निघतात.

साहेब बोलत होते आणि मी बॉयलरच्या भिंतीकडे बघत होते. अर्धीच उभी आहे. थंडीत आम्ही रीलिंग खात्याच्या बायका त्या भिंतीला पाठ लावून बसायचो. माझी शाळा चौथीत सुटली आणि थोड्या वर्षांनी आईच्या मागे मीही रीलिंगला लागले. बॉबिनवरचं सूत फाळक्यावर घेऊन लड्या करायच्या, तुटलं की जोडायचं. तुटायचंच. दिवसभर तेच, तुटलं, जोडलं. जेवणाच्या सुटीत भिंतीची ऊब पाठीतून पोटापर्यंत यायची. शिळी भाकरी, लसणाची चटणी, आणि सगळ्यांच्या पापण्यांवर कापूस. एकमेकींकडे बघून हसायचो, की आज सगळ्याच म्हाताऱ्या झालो. आता खरंच झालो, तर हसायला बरोबरची एकही नाही.

उन्हाळ्यात साचे खात्यात जायला भीती वाटायची. हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून आत पाण्याचा फवारा चालू. खिडक्या बंद. पुरुष ओलेचिंब होऊन बाहेर यायचे आणि बाहेर लू. आमचे हे घरी येऊन ओटल्यावर बसत, तेव्हा अंगातून वाफ निघतेय असं वाटे. साच्यांच्या आवाजात तोंडानं बोलून उपयोग नसे, म्हणून तिथे सगळे हातांनी बोलत. ह्यांना ती सवय घरीही. मीठ हवं तर चिमूट चोळून दाखवायचे, पाणी हवं तर अंगठा. मी म्हणायची, "जीभ काय मिलमध्ये ठेवून आलात?" तर हे दोन बोटं ओठांवर ठेवून दाखवायचे. म्हणजे बडबड कमी कर.

पावसात गाठींच्या गोदामापाशी ओल्या कापसाचा वास. आणि भोंगा. पावसात भोंग्याचा आवाज जड व्हायचा, खाली बसायचा. आमच्या गल्लीत कोणाच्याही घरी घड्याळ नव्हतं आणि कोणाला उशीर होत नव्हता.

मग भादवा लागायचा आणि मिलमागच्या शेडमध्ये झांकीचं काम सुरू. ती आमची दिवाळी. बांबूचे सांगाडे, कागदाचा लगदा, लगद्यात घातलेल्या मेथीच्या दाण्यांचा कडू वास. पुतळ्यांचे कपडे मिलच्याच कापडाचे आणि ते शिवायच्या रीलिंगच्या बायका. सीतेला लुगडं नेसवताना आमची भांडणं व्हायची, नऊवारी की पाचवारी, पदर उलटा की सुलटा. भैया उत्तर प्रदेशाकडचे, ते पलीकडून ओरडायचे, "अरे, वो मराठी नहीं थी!" आम्ही ऐकत नसू. दोन-चार वर्षं तरी आमची सीता नऊवारीत वनवासाला गेली.

पुतळे हलवायचं काम भैयांचं आणि ह्यांचं. मोडक्या साच्याची चाकं, पट्टे, जुनी मोटर. हनुमानानं डोंगर उचलायचा तर तो हात नुसता वर-खाली झाला तर शोभत नाही. वर जाताना जड जायला हवा, खाली येताना थांबून यायला हवा. हे दोघं त्यासाठी दिवस-दिवस घालवायचे. जेवायला बोलावलं तर यायचे नाहीत, हातानंच सांगायचे, थांब.

आणि मग एके दिवशी गेटला कुलूप.

का, ते मला विचारू नका. कारणं सांगणारे पुष्कळ आले, प्रत्येकाचं निराळं. देण्याघेण्याचंही मी बोलणार नाही, ते बोलणारे खूप झाले, बोलता बोलता मेलेसुद्धा. मी जे पाहिलं ते सांगते. सरकारनं काय केलं ते सांगते, कारण लोक म्हणतात सरकारनं काही केलं नाही. ते खोटं आहे. पुष्कळ केलं.

एक माणूस गल्लीत आला. बायकांना विचारत होता, काय येतं. मी म्हटलं, रीलिंग. "वो तो मिल का काम हुआ अम्मा, घर का क्या आता है?" मी अम्मा नव्हते तेव्हा. म्हटलं, घरचं सगळंच येतं, कोणत्या बाईला येत नाही? मग मंडप पडला, मंत्री आले आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी एक शिवणयंत्र आलं. प्रत्येक घरी. एक हात मंत्र्यांचा, एक माझा, मध्ये मशीन, असा फोटो. आता गल्लीत सगळ्याच शिंपिणी. कोणी कोणाचं शिवायचं? आणि कापड आणायचं कुठून, कापडाचीच तर मिल बंद केलेली! दिवाळीपर्यंत सगळ्या मशीनींवर पापड वाळायला लागले.

ह्यांना चौकीदारी दिली. कुठे? ह्याच गेटवर. खाकी शर्ट, शिट्टी, काठी. आत कोणी येऊ नये म्हणून. कोण येणार होतं? ज्यांच्याबरोबर ह्यांनी जन्म काढला तेच यायचे, गेटशी उभे राहायचे, आत बघायचे. आणि हे त्यांना हातानं सांगायचे, जा. तोंडानं एकदाही बोलले नाहीत. मग साचे तोडून भंगारात निघाले. ट्रकाला गेट उघडून द्यायचं कामही ह्यांचंच. त्या दिवसांत हे पहाटे जुन्या भोंग्याच्या वेळेला उठून पाय खाली सोडून बसत. भोंगा कुठे वाजत होता? मी ओरडायची, झोपा. तर अंगठा दाखवायचे. मी पाणी आणून द्यायची. काही वर्षांनी गेले. कशानं, तेही मला विचारू नका.

आणि सरकारनं तिसरं काय केलं, तर झांकीला अनुदान दिलं.

ते मात्र आम्ही हौसेनं घेतलं. गेट वर्षातून एकदा उघडायचं, भादव्यात. शेडमध्ये दिवा लागायचा. हे खाकी शर्ट खुंटीला टांगून भैयांबरोबर चाकं जुळवत बसायचे आणि हसायचे. मी कसं नको म्हणणार? कोणीच नको म्हटलं नाही. मग साहेब बदलत गेले, सरकारं बदलली, आणि प्रत्येकानं तेच केलं. बक्षीस, ढाल, हार. मजदूर भाइयों के लिए तालियां.

भाषण संपल्यावर एक मॅडम माझ्याजवळ येऊन बसल्या. विभागातल्याच, तरुण. मराठी निघाल्या. मल्हारगंजला त्यांचं आजोळ.

"आजी, आम्ही मामाच्या गच्चीवरून बघायचो तुमची झांकी. हनुमानाचा हात वर गेला की मी रडायचे म्हणे, घाबरून!"

"कोणत्या वर्षी?"

त्यांनी सांगितलं. मी मनात मोजलं. मिल बंद होऊन बरीच वर्षं झाली होती तेव्हा.

"पण खरं सांगू? मला तर ही नोकरी लागेपर्यंत वाटायचं की मिल सुरू आहे. म्हणजे दरवर्षी झांकी यायची ना, एवढी मस्त, लाइटिंग वगैरे. आमच्याकडे सगळ्यांनाच वाटायचं. माझी आई तर आत्ताही म्हणाली, अगं, ती मिल बंद कधी झाली?"

ती बिचारी गोड हसत होती. तिचा काय दोष. पण मला वाटलं, कोणी तरी माझ्या मुस्काटात मारली. आम्ही दरवर्षी मेलेलं माणूस नटवून, दिवे लावून, गावातून मिरवत होतो, आणि गाव म्हणत होतं, वा, तब्येत छान आहे. बायका मशीनींवर पापड वाळवत होत्या, पुरुष गेटवर उभं राहून आत बघत होते, आणि सगळ्या शहराला वाटत होतं की तिकडे परदेशीपुऱ्यात सगळं ठीक चाललंय. कशावरून? आमच्याच दिव्यांवरून.

रिक्षात मी भैयांना म्हटलं, "यंदा दिवे लावायचे नाहीत."

"क्या?"

"झांकी न्यायची. ट्रॉली, मिलची पाटी, आपण. पुतळे नाहीत, दिवे नाहीत, काही नाही. बघू दे लोकांना काय उरलंय ते."

भैया एवढे चिडले की रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. "पगला गई हो क्या भाभी? सब तो ले गए. एक झांकी बची है हमारी, वो भी तुम बुझा दोगी? अगले साल परमिशन नहीं देंगे. फिर मैं भादों में क्या करूंगा? खाट पे लेटके पंखा गिनूंगा?"

"पंखा एकच आहे तुमच्याकडे. पटकन मोजून होईल."

ते हसले नाहीत. घर आलं तसे उतरून तडक आत गेले. मला त्यांचं समजत होतं. त्यांना मूलबाळ नाही, बायको कधीच गेली. वर्षातले ते थोडे दिवस सोडले तर ह्या माणसाला कोणी विचारत नाही. मी त्यांच्या हातातलं शेवटचं काम काढून घ्यायला निघाले होते. तरी मी शब्द मागे घेतला नाही. राग आला की तो मला पुरतो, बरेच दिवस पुरतो.

गणपती बसले. विभागाच्या माणसांनी शेडमध्ये सामान आणून टाकलं. भैया रोज तिकडे जात होते, माझ्या दारावरून, मान वळवून. मी ओटल्यावर बसून डाळ निवडत असे आणि मोठ्यानं खाकरत असे, त्यांना कळावं म्हणून की मी बघितलंय.

एका दुपारी ते दारात येऊन उभे राहिले. मी पाणी दिलं. प्याले नाहीत.

"भाभी, वो लोग पुतले रेडीमेड लाए हैं. फाइबर के."

"मग? छान. तुमची मेहनत वाचली."

"इमारतें बनाई हैं, ये ऊंची-ऊंची. बीच में एक नेताजी का पुतला, चाबी देता हुआ. और सामने मजदूर." इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मजदूर हाथ जोड़े खड़ा है. साब बोले, रामसिंगजी, इसमें मोटर आप लगाइए, आपका हाथ अच्छा है. ऐसी लगाइए कि ये झुके. बार-बार झुके. पूरे रास्ते."

मी डाळ बाजूला ठेवली.

"काय म्हणालात मग तुम्ही?"

"मैंने हनुमान का हाथ उठाया है भाभी, पूरी उमर. राम का धनुष खींचा है. अब मैं अपने ही आदमी को झुकाऊं? और वो भी मोटर से?" त्यांनी तांब्या उचलला आणि पाणी एका दमात प्याले. "ट्रॉली मेरे भतीजे के ट्रैक्टर में लग जाएगी. पाटी अपनी पुरानी पड़ी है घर में. बोलो, कितने बजे निकलना है?"

आम्ही विभागाला नाही म्हणून कळवलं. मॅडमचा फोन आला. रडवेल्या झाल्या होत्या. "आजी, साहेब चिडलेत. म्हणतात, पुढच्या वर्षापासून तुमच्या मिलचा नंबरच काढून टाकू." मी म्हटलं, "काढू दे बाळ. तू काळजी करू नको. ह्या वर्षी आहे ना?" ह्या वर्षी होता, आणि रांगेत नेमका सगळ्यांत पहिला होता.

अनंत चतुर्दशीला दिवेलागण झाली आणि आम्ही रांगेत लागलो. मागे सगळ्या झांक्या लखलखत होत्या. डोळे दुखत होते बघून. आमच्या ट्रॉलीवर लाकडी फळ्या, मिलच्या नावाची पाटी, आणि मी. माझे गुडघे चालत नाहीत, म्हणून मला वर बसवलं होतं. कोणाला वाटलं असेल, हाच पुतळा. बाकीचे आमचे लोक बाजूनं चालत होते, काठ्या टेकत. भैया ट्रॅक्टरच्या पुढे. एक पोलीस धावत आला. "बाबूजी, लाइट चालू करो, लाइट! शुरू हो गया!" भैया म्हणाले, "हो गया बेटा, यही है." तो बघतच राहिला आणि मागच्याला शिट्ट्या मारायला गेला.

जेल रोडला मंच होता. साहेब, हार, ढाली मांडून ठेवलेल्या. निवेदक कागदावरून वाचत होता, मान खाली घालून, आणि वाचता वाचता त्याचा आवाज चढला. "और अब आ रही है, अपनी शान के साथ, जगमगाती हुई, मजदूर भाइयों की मेहनत की मिसाल! जोरदार तालियां!"

टाळ्या सुरू झाल्या. आमची ट्रॉली मंचासमोर आली आणि टाळ्या मध्येच तुटल्या. कोणी वाजवतंय, कोणी थांबलंय, असं विस्कटलं. मग कोणी तरी हसलं. "ओ भिया, जनरेटर बैठ गया क्या?" एक पोरगा खरंच पकड घेऊन धावत आला. "कौन सी वायर है काकाजी, मैं जोड़ देता हूं."

रस्त्याच्या कडेला चादरीवर एक बाई बसली होती, मांडीवर लेकरू, हातात भुट्टा. तिनं मला विचारलं, "अम्मा, लाइट क्यों नहीं लगाई?"

"मिल बंद है."

"आज छुट्टी है?"

"आज नाही. कायमची बंद है. मशीनें भी नहीं हैं अंदर. घास है."

"कब से?"

"तेरे ब्याह के बहुत पहले से. तू फ्रॉक में घूमती होगी तब से."

"हट! हर साल तो आती है!" तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "सुनो, ये मिल बंद है? तुमको मालूम था?" नवऱ्यानं मान हलवली, नाही. शेजारच्या चादरीवरचा म्हातारा म्हणाला, "कौन सी बंद है? ये? कब हुई?" त्याच्या मागच्यानं त्याला विचारलं. त्याच्याही मागच्यानं. कोणालाच उत्तर माहीत नव्हतं, म्हणून प्रश्नच पुढे पुढे जात होता, चादरीवरून चादरीवर, मंचाच्या दिशेनं. कब से? सब की सब बंद हैं क्या? फिर ये लोग करते क्या हैं?

मंचावरून साहेबांनी हात हलवला. निवेदक कागद सोडून माइकमध्ये ओरडला, "आगे बढ़ाइए, ट्रॉली आगे बढ़ाइए, पीछे झांकियां खड़ी हैं!" पोलीस दोन्ही बाजूंनी आले. पुतण्यानं ट्रॅक्टरचा गिअर टाकला.

रामसिंग भैया ट्रॅक्टरच्या समोर जाऊन उभे राहिले आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकले.

"बंद कर इंजन," ते पुतण्याला म्हणाले, त्यांच्या त्या साचे खात्याच्या आवाजात. "पूछ रहे हैं लोग. पूछ लेने दे."